अली-फ्रेझरनंतर हेवीवेट बॉक्सिंगचं नेमकं काय झालं?

सोलापुरात कुस्तीचा विषय निघाला की बोलणं कधी ना कधी बॉक्सिंगवर येतंच. मग पार्क चौपाटीवरचा एखादा जुना जाणता म्हणतो, "अली गेला, फ्रेझर गेला, टायसनही संपला. आता काय राहिलंय बे त्या हेवीवेटमध्ये?" बाकीचे माना डोलावतात. आजच्या विजेत्याचं नाव विचारलं तर तिथल्या फारसं कोणाला सांगता येत नाही, त्यामुळे ही तक्रार खरीच असणार असं वाटतं.

मला ती अर्धी पटते. आजचे हेवीवेट जुन्यांपेक्षा कच्चे आहेत, हे मला मान्य नाही. पण चांगल्या-चांगल्यांच्या गाठी पडणं कमी झालंय, हे मात्र खरं आहे. त्याची बहुतेक कारणं रिंगच्या बाहेर आहेत आणि ती समजून घेतल्याशिवाय हा वाद पुढे सरकत नाही.

आधी हेवीवेट म्हणजे काय ते पाहू. बॉक्सिंगमधल्या प्रत्येक वजनी गटाला वरची मर्यादा असते, हेवीवेटला ती नाही. पूर्वी १७५ पौंडांच्या, म्हणजे साधारण ७९ किलोंच्या वरचा प्रत्येक बॉक्सर हेवीवेट असायचा. १९८० च्या सुमारास मध्ये क्रूझरवेट हा गट आला आणि आज हेवीवेट सुरू होतो २०० पौंडांच्या, म्हणजे जवळपास ९१ किलोंच्या पुढे. त्याच्या वर वजनाला बंधन नाही. म्हणून या गटाचा विजेता म्हणजे ठोशांच्या लढाईत जगात कोणालाही भारी पडणारा माणूस, असं लोक धरून चालतात. हा गट फिका पडला की सगळं बॉक्सिंगच फिकं वाटू लागतं.

ज्या काळाशी तुलना होते तो मुख्यतः १९७१ ते १९७५ चा. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये मुहम्मद अलीचा किताब काढून घेतला गेला आणि त्याला तीन वर्षांहून जास्त काळ रिंगबाहेर ठेवलं. तो परतला तेव्हा विजेता होता जो फ्रेझर. एकाने किताब रिंगमध्ये गमावलाच नव्हता, दुसऱ्याने तो रिंगमध्ये कमावला होता, आणि दोघेही तोवर अपराजित. ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ते भिडले. प्रत्येकाला २५ लाख डॉलर मिळाले, त्या काळात डोळे विस्फारायला लावणारी रक्कम. पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हूकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, अली पाठीवर आपटला, लगेच उठला आणि गुणांवर हरला.

मग साखळीच सुरू झाली. जानेवारी १९७३ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. त्याच वर्षी केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला. १९७४ मध्ये फोरमनने नॉर्टनला दोन फेऱ्यांत उडवलं, आणि त्याच ऑक्टोबरात किन्शासामध्ये अलीने त्या फोरमनला आठव्या फेरीत झोपवलं. १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलात अली आणि फ्रेझर तिसऱ्यांदा समोरासमोर आले. चौदावी फेरी संपली तेव्हा फ्रेझरला समोरचं धड दिसत नव्हतं. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला पंधराव्या फेरीसाठी उठूच दिलं नाही.

या चौघांत फक्त फ्रेझर आणि नॉर्टन एकमेकांशी लढले नाहीत, कारण दोघे एकाच वस्तादाच्या, या फच यांच्याच हाताखालचे होते. बाकी प्रत्येक जोड लागली. ज्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो त्याचं मर्म मला इथेच दिसतं. माणसं थोर होतीच, पण ती एकमेकांना टाळत नव्हती आणि एक हार पत्करून पुन्हा रिंगमध्ये उतरत होती.

मात्र त्या काळातलं सगळंच काही असं नव्हतं. फेब्रुवारी १९७६ मध्ये अलीने बेल्जियमच्या ज्याँ-पिएर कूपमनसमोर किताब पणाला लावला. ती लढत आज कोणाला आठवत नाही, कारण तिच्यात आठवण्यासारखं काही नव्हतं. १९५७ मध्ये फ्लॉइड पॅटरसनने किताबासाठी संधी दिली ती पीट रॅडमाकरला. रॅडमाकर ऑलिम्पिक सुवर्णविजेता खरा, पण व्यावसायिक म्हणून ती त्याची पहिलीच लढत होती. पहिल्याच लढतीत थेट जगज्जेतेपद! आज असं घडलं तर आपणच ओरडू की खेळ बुडाला. जो लुईने १९४१ या एका वर्षात सात वेळा किताब राखला, तेव्हा 'दर महिन्याला एक नवा भुक्कड' अशा अर्थाची थट्टा वर्तमानपत्रांत चालायची.

त्याच्याही मागे गेलं तर चित्र कुरूप होतं. १९१५ मध्ये जॅक जॉन्सन हरला, तेव्हापासून १९३७ मध्ये जो लुई जिंकेपर्यंत एकाही कृष्णवर्णीय बॉक्सरला हेवीवेट किताबासाठी लढू दिलं गेलं नाही. हॅरी विल्स वर्षानुवर्षं जॅक डेम्प्सीशी लढत मागत राहिला आणि ती झालीच नाही. 'पूर्वी सर्वोत्तम माणूसच विजेता असायचा' असं म्हणताना ही बावीस वर्षं विसरली जातात, आणि मला ते खटकतं.

आता पट्ट्यांचा, म्हणजे विजेत्याला मिळणाऱ्या किताबाच्या कमरपट्ट्यांचा गोंधळ. तो सोलापूरकरांना समजवायला सोपा आहे, कारण तसंच आपल्या डोळ्यांसमोर घडलंय. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला, अंतिम फेरीत समोर होता आपला महेंद्र गायकवाड. मार्चमध्ये कर्जतला पुन्हा महाराष्ट्र केसरी झाली आणि जिंकला आपल्याच जिल्ह्याचा वेताळ शेळके. दोन महिन्यांत दोन गदा, दोन महाराष्ट्र केसरी, कारण संघटना दोन. दोन्ही पैलवानांनी घाम गाळूनच गदा मिळवली, त्यात शंका नाही. पण गावातल्या पोराने 'यंदाचा महाराष्ट्र केसरी कोण?' असं विचारलं तर एका नावात उत्तर देता येत नाही.

बॉक्सिंगमध्ये अशा चार मोठ्या संघटना आहेत: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. पहिल्या दोन साठच्या दशकातल्या, उरलेल्या दोन ऐंशीच्या. प्रत्येकीचा पट्टा वेगळा, क्रमवारी वेगळी, विजेत्याने कोणाशी लढायचं याचा हुकूम वेगळा. किताबाच्या प्रत्येक लढतीत बॉक्सरच्या मानधनातला काही हिस्सा संघटनेला जातो. म्हणजे पट्टे जास्त तर किताबाच्या लढती जास्त, आणि लढती जास्त तर वसुली जास्त. एकच विजेता असावा अशी घाई या व्यवस्थेत कोणाला असणार?

१९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सने अलीला हरवलं. संघटनेने ठरवलेल्या आव्हानवीराऐवजी त्याने पुन्हा अलीशीच लढायचं ठरवलं, म्हणून डब्ल्यूबीसीने त्याचा पट्टा काढून नॉर्टनला दिला. तिथून १९८७ मध्ये माइक टायसनने तीन पट्टे एकत्र करेपर्यंत जगात एकापेक्षा जास्त हेवीवेट विजेते होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये टायसन फ्युरीने व्लादिमिर क्लिचकोला त्याच्या जर्मनीतल्या बालेकिल्ल्यात हरवलं. काही दिवसांतच आयबीएफने फ्युरीचा पट्टा काढला, कारण करारानुसार त्याला क्लिचकोशी पुन्हा लढायचं होतं आणि संघटनेला दुसरा आव्हानवीर हवा होता. तो पट्टा पुढे चार्ल्स मार्टिनकडे गेला, तोही रिकाम्या पट्ट्यासाठीच्या लढतीत समोरच्याचा गुडघा दुखावल्यामुळे. अशाने विजेता या पदाची किंमत उतरते. बघणारा म्हणतो, सगळे सारखेच, आणि चॅनेल बदलतो.

याच्या जोडीला प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारे, आणि वाहिन्यांची भांडणं. एका बॉक्सरचा करार एका वाहिनीशी, दुसऱ्याचा दुसरीशी, मग लढत लावायची कोणी? २०१८ मध्ये अँथनी जोशुआ आणि डिऑन्टे वाइल्डर दोघेही अपराजित विजेते होते. त्यांच्यात सगळे पट्टे एकत्र येऊ शकले असते, पण बोलणी फिसकटली. २०२१ मध्ये फ्युरी आणि जोशुआची लढत जवळजवळ ठरली होती. लवादाने फ्युरीला आधी वाइल्डरशी तिसऱ्यांदा लढायला सांगितलं आणि तीही बारगळली. टाळाटाळ जुन्या काळातही होती. १९९२ मध्ये रिडिक बोवने डब्ल्यूबीसीने सांगितलेल्या लेनॉक्स लुइसशी लढण्यापेक्षा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकणं पसंत केलं. फरक एवढाच की तेव्हा अशी एखादी लढत हुकायची आणि तिच्या आजूबाजूला दहा चांगल्या व्हायच्या.

कारण लढतींची संख्याच वेगळी होती. अलीने १९६६ मध्ये पाच वेळा किताब राखला. माइक टायसन १९८५ मध्ये १५ वेळा आणि १९८६ मध्ये १३ वेळा लढला. नोव्हेंबर १९८६ मध्ये, विसाव्या वर्षी तो विजेता झाला, ती त्याची २८ वी लढत होती. आता ओलेक्सांद्र उसिककडे पाहा. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याने जोशुआला हरवून किताब घेतला, तेव्हापासून जुलै २०२५ पर्यंत त्याच्या एकूण सहा लढती झाल्या. वर्षाला दीड म्हणा. त्या काळात युक्रेनवर युद्धही आलं, पण शांततेतल्या विजेत्यांची गतीही फार वेगळी नाही.

एका लढतीत मिळणारा पैसा इतका वाढलाय की वर्षातून दोनदा लढलं तरी पिढ्यांची सोय होते. आणि एक हार झाली तर पुढच्या लढतीचा भाव कोसळतो. म्हणून अपराजित राहणं हाच धंदा झाला. संभाळून प्रतिस्पर्धी निवडायचे, वाट पाहायची, शून्य हार जपायची. इथे मला खरोखर काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. ठोसा चुकवणं, थकलेल्या हातांनी फेरी काढणं, हरत असताना डाव बदलणं हे सरावात शिकता येत नाही. ते लढतींतूनच अंगात मुरतं. आजचा तिशीतला हेवीवेट कधी कधी ताकदीने तयार आणि अनुभवाने अर्धा असतो, तो यामुळे.

फेऱ्यांचा बदल मात्र फार थोडे लोक लक्षात घेतात. पूर्वी किताबाची लढत १५ फेऱ्यांची असायची. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला लाइटवेट गटात रे मॅन्सिनी आणि दक्षिण कोरियाचा किम डूक-कू लढले. चौदाव्या फेरीत किम कोसळला आणि काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने किताबाच्या लढती १२ फेऱ्यांवर आणल्या आणि दशक संपेपर्यंत बाकीच्यांनीही तेच केलं.

आता जुन्या आठवणी या नियमाला लावून पाहा. १९४१ मध्ये बिली कॉनने जो लुईला जेरीस आणलं होतं, लुईने त्याला पाडलं तेराव्या फेरीत. १९५२ मध्ये रॉकी मार्सियानो गुणांत मागे होता, त्याने जर्सी जो वॉलकॉटला झोपवून किताब घेतला तो तेराव्या फेरीत. फ्रेझरने अलीला पाडलं ती पंधरावी. मनिला थांबलं चौदावीनंतर. १९७८ मध्ये लॅरी होम्स आणि नॉर्टन इतके बरोबरीत होते की निकाल पंधराव्या फेरीवर लागला. आजचा नियम तेव्हा असता तर या लढतींचा शेवट आपल्या आठवणीत आहे तसा झालाच नसता. म्हणजे 'पूर्वीसारखा शेवट होत नाही' ही तक्रार खरी आहे, कारण तो शेवट ज्या फेऱ्यांत घडायचा त्याच आता नाहीत. त्या परत याव्यात असं मी म्हणणार नाही. किमचा मृत्यू आणि १९८४ मध्ये निदान झालेला अलीचा पार्किन्सन्स माहीत असताना ते मागणं मला जमत नाही.

आणि आकार. मार्सियानो विजेता होता तेव्हा त्याचं वजन ८५ किलोंच्या आसपास असायचं, आजच्या नियमाने तो हेवीवेटच नाही. १९७१ मध्ये फ्रेझर ९३ किलोंचा, अली साडेसत्याण्णवचा. फ्युरी मे २०२४ मध्ये रिंगमध्ये उतरला तो सहा फूट नऊ इंच आणि जवळपास ११९ किलो. इतक्या मोठ्या अंगाला बारा फेऱ्या नाचवायला प्रचंड दम लागतो, म्हणून मोठा माणूस ठोसे जपून मारतो. लांब हाताच्या जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने, समोरच्याला दूर ठेवतो, जवळ आला की मिठी मारून त्याच्यावर वजन टाकतो. लेनॉक्स लुइस २००४ मध्ये निवृत्त झाला, त्यानंतरच्या दहा वर्षांवर ज्या क्लिचको भावांचा ताबा होता, त्यातल्या व्लादिमिरने ही पद्धत अगदी घोटून घेतली होती. दोघा भावांनी एकमेकांशी लढणार नाही असा शब्द आईला दिलेला, त्यामुळे त्या काळातली सगळ्यात मोठी लढत होणं शक्यच नव्हतं. व्लादिमिरच्या लढती बघायला कंटाळवाण्या होत्या, हे मी मान्य करतो. पण तो दुबळा नव्हता. त्याच्या जॅबच्या आत शिरायला समोरच्याकडे वाटच उरत नसे.

त्याच काळात जर्मनीत मात्र फुटबॉलची मैदानं त्याच्यासाठी भरत होती. 'हेवीवेट संपलं' ही ओरड मुख्यतः अमेरिकेतून आली, आणि इंग्रजीतून आपल्यापर्यंत पोचली. सोव्हिएत गटात व्यावसायिक बॉक्सिंगला मनाई होती. ते सगळं कोसळल्यावर युक्रेन, रशिया, उझबेकिस्तानचे बॉक्सर मोकळे झाले. क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हनसन तीन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकून व्यावसायिक झाला नाही. त्याच्यासारखे किती जण सुवर्णकाळाच्या हिशोबात धरलेच गेले नाहीत! जगातली अर्धी ताकद तेव्हा रिंगबाहेर होती.

तिकडे अमेरिकेतली धिप्पाड पोरं फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळली, जिथे कॉलेजच्या शिष्यवृत्तीपासूनच रस्ता आखलेला असतो. अलीचा जबडा मोडणाऱ्या नॉर्टनचा मुलगा केन नॉर्टन ज्युनियर बॉक्सर झाला नाही. तो अमेरिकी फुटबॉलमध्ये गेला आणि लागोपाठ तीन सुपर बोल, म्हणजे तिथल्या हंगामाच्या अंतिम लढती, जिंकला. आपल्याकडे मोहोळ-मंगळवेढ्यात शंभर किलोचा उंच पोरगा दिसला तर त्याला हातमोजे कोण देतं? तो तालमीतच जातो. म्हणून भारताचे मोठे हेवीवेट उत्तरेतून आणि बहुतेक लष्करातून आले. भिवानीचे हवासिंग १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकले. १९८२ चे सुवर्णविजेते कौरसिंग १९८० मध्ये दिल्लीत अलीशी चार फेऱ्यांची प्रदर्शनी लढत खेळले होते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये सतीशकुमार चेहऱ्यावर टाके असताना उझबेकिस्तानच्या बखोदिर जलोलोवसमोर उभा राहिला, तो हरला तरी मला ती लढत विसरता येत नाही.

आणि बघायचं कुठे, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेत एचबीओ वाहिनीने २०१८ च्या अखेरीस बॉक्सिंग बंद केलं. मोठ्या लढती वेगळे पैसे भरून बघाव्या लागतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये ५८ वर्षांचा टायसन यूट्यूबवरून पुढे आलेल्या जेक पॉलशी नेटफ्लिक्सवर लढला, तेव्हा कधी बॉक्सिंग न बघणाऱ्यांनीही ती लढत पाहिली. महिनाभराने उसिक आणि फ्युरी यांची खरी जगज्जेतेपदाची दुसरी लढत झाली आणि त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता.

त्याआधीची पहिली लढत १८ मे २०२४ ला रियाधला झाली, आपल्याकडे रविवारची पहाट होती. लुइसने १९९९ मध्ये सगळे किताब एकत्र केले होते, त्यानंतर पहिल्यांदाच निर्विवाद हेवीवेट विजेता ठरणार होता. मागे सौदी पैसा होता. त्या पैशाबद्दलचे आक्षेप रास्त आहेत, पण जी जोड प्रमोटरांनी वर्षानुवर्षं लावली नाही ती त्याने लागली, हेही खरं. क्रूझरवेटमधून वर आलेला, फ्युरीपेक्षा जवळपास अठरा किलोंनी हलका उसिक पायांच्या जोरावर जिंकला. नवव्या फेरीत त्याने फ्युरीला दोऱ्यांवर असं हेलपाटवलं की रेफ्रीला मोजणी करावी लागली. आणि पुढच्याच महिन्यात एक पट्टा त्याला सोडून द्यावा लागला. जुलै २०२५ मध्ये वेम्ब्लीला डॅनियल ड्युबॉला पाडून तो त्याने परत आणला.

ऐंशी किंवा सत्तरच्या कोणत्याही वर्षात या उसिकला नेऊन ठेवलं तरी तो विजेतेपदाच्या रांगेत पुढेच असता, असं माझं ठाम मत आहे. आजचा हेवीवेट कसा असतो हे बघायला सुरुवात करायची असेल, तर त्याच्याआधी २९ एप्रिल २०१७ ची वेम्ब्लीतली जोशुआ-क्लिचको लढत लावा. नव्वद हजार लोक, पाचव्या फेरीत क्लिचको खाली, सहाव्यात जोशुआ खाली, अकराव्यात निकाल. मग रियाधची पहिली लढत बघा, आणि बघताना फ्युरीच्या उंचीपेक्षा उसिकच्या डाव्या पायाकडे लक्ष ठेवा.